ओडोराइझ करणं म्हणजे सुगंधित करणं नव्हे

गॅस-सुरक्षेच्या एका इंग्रजी पुस्तिकेचं मराठी करणाऱ्यांचा हा प्रश्न आहे. 'ओडोराइझ' हे क्रियापद त्या पुस्तिकेत जागोजागी येतं. शब्दकोशात 'वासयुक्त करणे, सुगंधित करणे' असे अर्थ मिळाले, म्हणून पहिल्या खर्ड्यात 'गॅस सुगंधित करावा' असं लिहिलं गेलं. ते खटकलं म्हणून 'दुर्गंधित करावा' असं करून पाहिलं, तर ते आणखीच विचित्र वाटायला लागलं. तीन वाक्यं विशेष अडली आहेत. पहिलं असं, की गॅस हवेत ज्वलनाच्या खालच्या मर्यादेच्या (म्हणजे ज्याला गॅस पेट घेऊ शकतो त्या किमान प्रमाणाच्या) एक-पंचमांश असतानाच सहज ओळखता येईल इतका ओडोराइझ केलेला असावा. दुसरं, एरोसोलसाठीचा गॅस ओडोराइझ करू नये. तिसरं, गॅसच्या पाइपांच्या जाळ्याच्या शेवटच्या टोकाला गॅस 'ओडोराइझ्ड' आहे याची नियमित खात्री करावी. या क्रियापदाचा नेमका अर्थ काय, ते कुठे वापरतात, आणि मराठीत काय लिहावं?

गॅस वितरणात, त्यातही गॅसमध्ये वास मिसळण्याच्या कामात, माझी बरीच वर्षं गेली आहेत. त्यामुळे उत्तर थोडं लांबेल. पण पुस्तिका सुरक्षेची आहे आणि ती वाचणारा माणूस तिच्यातल्या शब्दावर विसंबून राहणार आहे, म्हणून लांबलेलं बरं.

तांत्रिक इंग्रजीत ओडोराइझ करणं म्हणजे ज्या वायूला स्वतःचा वास नाही, किंवा आहे पण पुरेसा नाही, त्यात उग्र वासाचं रसायन मोजून मिसळणं. हे अशासाठी, की वायू गळला तर हातात कुठलंही यंत्र नसलेल्या माणसालाही तो नुसत्या नाकाने कळावा. या व्याख्येतला 'कळावा' हा शब्द सर्वांत महत्त्वाचा. वास चांगला की वाईट, हा प्रश्न नंतरचा आहे. 'सुगंधित' म्हटलं की हेतू आनंदाचा होतो, 'दुर्गंधित' म्हटलं की काहीतरी बिघडवल्यासारखं वाटतं. दोन्ही शब्दांतून इशारा हरवतो, आणि इशारा देण्यासाठीच तर हे क्रियापद या अर्थाने वापरात आलं.

अशा क्रियापदाची गरज का पडली, ते पाहिलं की अर्थ पक्का होतो. एकोणिसाव्या शतकात शहरांमधले दिवे आणि चुली कोळशाच्या गॅसवर चालत. कोळसा तापवून काढलेल्या त्या गॅसमध्ये गंधकाची आणि इतर संयुगं उरलेली असायची, त्यामुळे त्याला मुळातच दर्प होता. गळती झाली की कळायचं, वेगळं काही मिसळावं लागत नसे. तापलेल्या कोकवर, म्हणजे कोळशातून गॅस काढल्यावर उरणाऱ्या इंधनावर, वाफ सोडून तयार होणारा 'वॉटर गॅस' मात्र जवळजवळ बिनवासाचा असतो, आणि त्यात कार्बन मोनॉक्साइड भरपूर. अशा गॅसची गळती कळावी म्हणून जर्मनीत १८८० च्या दशकात त्यात एथिल मरकॅप्टन हे गंधकाचं उग्र वासाचं संयुग मिसळलं गेलं. पुढे जमिनीतून थेट मिळणारा नैसर्गिक वायू आला. तो मुख्यतः मिथेन, आणि मिथेनला वास नाही. विषारी कार्बन मोनॉक्साइड गेला हे खरं, पण कोळशाच्या गॅससोबत फुकट मिळणारी सूचनाही गेली.

त्याची किंमत १८ मार्च १९३७ रोजी अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात न्यू लंडन इथल्या शाळेने मोजली. तेलक्षेत्रातून निघणारा, वास न मिसळलेला गॅस शाळा गरम ठेवण्यासाठी वापरला जात होता. तो गळून इमारतीखालच्या पोकळीत साठत गेला आणि कुणाच्याही नाकाला पत्ता लागला नाही. कार्यशाळेतल्या विजेच्या सँडिंग यंत्राच्या ठिणगीने तो पेटला असं मानलं जातं. सुमारे ३०० जण गेले, त्यांत बहुतेक मुलं. त्याच वर्षी टेक्सासने गॅसमध्ये वास मिसळणं कायद्याने सक्तीचं केलं, आणि नंतर ही सक्ती इतरत्रही पसरली. या घटनेनंतर ओडोराइझ हे गॅसच्या धंद्यातलं एक कायदेशीर कर्तव्य झालं. तुमच्या पुस्तिकेत त्याच्याआधी 'शॅल' किंवा 'मस्ट' सारखा शब्द येतो तो म्हणूनच. मराठीत 'केलेला असावा' इतकं मऊ लिहू नका, 'केलेला असलाच पाहिजे' लिहा.

आता 'मोजून' म्हणजे किती, ते बघू. अमेरिकेच्या केंद्रीय नियमांत कसोटी अशी आहे, की गॅस हवेत ज्वलनाच्या खालच्या मर्यादेच्या एक-पंचमांश प्रमाणात असतानाच सामान्य वासशक्तीच्या माणसाला तो सहज ओळखता आला पाहिजे. मिथेन हवेत साधारण ५ टक्के झाला की पेट घेऊ शकतो, म्हणजे १ टक्क्याला नाकाने सांगितलं पाहिजे. सिलिंडरच्या गॅसमधल्या प्रोपेनची खालची मर्यादा २ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे ०.४ टक्क्याला. उरलेली चार-पंचमांश जागा माणसाला वेळ मिळावा म्हणून राखलेली आहे: वास येणं, लक्षात येणं, कॉक बंद करणं, बाहेर पडणं, या सगळ्यासाठी.

इतक्या विरळ गॅसमधून वास यायचा तर मिसळलेलं रसायन नाकाला भलतंच तीव्र लागायला हवं. म्हणून निवड बहुतेक वेळा गंधकाच्या सेंद्रिय संयुगांची होते. गंधकाला आपण 'गंध'क म्हणतो ते उगीच नाही. सिलिंडरच्या गॅसमध्ये सहसा एथिल मरकॅप्टन असतं. पाइपमधून येणाऱ्या गॅसमध्ये टर्शरी ब्युटिल मरकॅप्टन आणि त्याची मिश्रणं, किंवा युरोपात बऱ्याच ठिकाणी टेट्राहायड्रोथायोफीन. ही संयुगं हवेच्या एक अब्ज भागांत एखादा भाग असली, काही तर त्याहूनही कमी असली, तरी नाकाला जाणवतात. हिशेब करून पाहा. नेदरलँड्समध्ये घरगुती गॅसच्या घनमीटरला टेट्राहायड्रोथायोफीन साधारण १८ मिलिग्रॅम असतं. तो गॅस खोलीतल्या हवेत १ टक्का झाला, तर हवेच्या घनमीटरमध्ये हे रसायन उरतं ०.१८ मिलिग्रॅम, म्हणजे अब्जात सुमारे ५० भाग. जाणवण्याच्या उंबरठ्याच्या कितीतरी वर. द्रवरूप प्रोपेनसाठी अमेरिकेतली जुनी रीत १०,००० गॅलनला १ पौंड एथिल मरकॅप्टन अशी आहे, म्हणजे लीटरला साधारण १२ मिलिग्रॅम.

मग दुप्पट का घालू नये? कारण मात्रा दुप्पट केली म्हणून वास दुप्पट लागत नाही, नाकाला तो जेमतेम थोडा वाढल्यासारखा वाटतो. आणि जास्त मात्रेमुळे जोडणीतून निसटणाऱ्या नगण्य थेंबभर गॅसचाही घमघमाट होतो, तक्रारींचा पाऊस पडतो, आणि हळूहळू लोक वासाकडे दुर्लक्ष करायला शिकतात. माझ्या मते कमी वासाइतकंच हेही धोक्याचं आहे. म्हणून ओडोराइझ या क्रियापदात 'योग्य मात्रेत' हे न लिहिताही धरलेलं असतं. नुसतं 'वास घालणे' म्हटलं तर ते सुटून जातं.

नाकाला तीव्र लागणारं कुठलंही रसायन चालत नाही, हेही अनुवादकाला माहीत हवं, कारण पुस्तिकेत पुढे 'ओडोरंट'च्या, म्हणजे मिसळायच्या रसायनाच्या, अटी येतील. ते माणसाला आणि पाइपच्या मालाला अपायकारक नको. जळल्यावर त्यातून विषारी काही निघायला नको. पाण्यात फारसं विरघळायला नको, नाहीतर पाइपातल्या ओलाव्यातच राहून जाईल. त्याचा वास रोजच्या इतर वासांत मिसळून जाणारा नको, वास घेणाऱ्याला 'गॅस' हाच शब्द आठवला पाहिजे. हायड्रोजन सल्फाइडचा वासही प्रसिद्ध आहे, पण तो स्वतःच विषारी आहे आणि प्रमाण वाढलं की वासाची जाणीवच बधिर करून टाकतो. इशारा देण्याच्या कामाला यापेक्षा वाईट रसायन शोधून सापडणार नाही. पत्रकांत अनेकदा 'सडक्या अंड्यासारखा वास' असं छापतात. तो वास खरं तर हायड्रोजन सल्फाइडचा. मरकॅप्टनचा वास कुजलेल्या कोबीच्या जास्त जवळ जातो. लोकांना ओळख पटते म्हणून अंड्याची उपमा राहू द्यायला माझी हरकत नाही, पण रसायनाचं नाव देताना गल्लत करू नका.

जाता जाता एक गोष्ट, कारण ती मला फार आवडते. एथिल मरकॅप्टन कुजणाऱ्या मांसातूनही निघतं. कॅलिफोर्नियात १९३० च्या दशकात पाइपलाइनवर लक्ष ठेवणाऱ्यांना दिसलं, की टर्की व्हल्चर ही गिधाडं गळतीच्या जागी गोळा होतात. ओडोराइझ केलेल्या गॅसने माणसांसाठी ठेवलेला निरोप त्या पक्ष्यांनी आधी वाचला.

आता सर्वांत महत्त्वाच्या भागाकडे येतो. तुमचं तिसरं वाक्य त्यावरच उभं आहे, आणि अनुवादात घसरण्याचा धोकाही तिथेच सर्वांत जास्त आहे.

'ओडोराइझ्ड' आणि 'वास येणारा' हे एकच नव्हेत. गॅसमध्ये रसायन मिसळलं ही झालेली क्रिया आहे. टोकाच्या घरात वास पोहोचतो की नाही ही त्या क्षणाची स्थिती आहे. दोन्हींमध्ये अंतर पडू शकतं आणि त्या अंतरात माणसं दगावली आहेत. इंग्रजीत याला 'ओडर फेड' म्हणतात, म्हणजे वास विरणं. नवीन पोलादी पाइप किंवा नवीन टाकी असेल तर आतला पृष्ठभाग मरकॅप्टन धरून ठेवतो. गंज असेल तर त्याच्याशी प्रक्रिया होऊन मरकॅप्टनचं डायसल्फाइड होतं, आणि त्याचा वास बराच मंद असतो. म्हणून नवी वाहिनी सुरू करताना काही काळ जादा मात्रा सोडून पाइपचा पृष्ठभाग तृप्त करून घेतात. या कामाला धंद्यात 'पिकलिंग' म्हणतात. गॅसचा प्रवाह कमी असलेल्या, शेवटच्या, रेंगाळणाऱ्या फाट्यांवर हा प्रश्न अधिक. तुमच्या वाक्यात 'शेवटचं टोक' आलं आहे ते याचसाठी.

त्याहून कपटी प्रकार जमिनीखालचा. भूमिगत पाइप फुटला आणि गॅस मातीतून वाट काढत तळघरात शिरला, तर वाटेतली माती, विशेषतः चिकणमाती, गंधकाची संयुगं अडवून ठेवू शकते. मिथेन पुढे जातो, वास मागे राहतो. वास मिसळणाऱ्या स्थानकावर मात्रा बरोबर, नोंदवहीत गॅस 'ओडोराइझ्ड', आणि तळघरात बसलेल्या माणसाला काहीही कळत नाही. म्हणून जाणकार लोक 'वास नाही म्हणजे गळती नाही' असं कधीच म्हणत नाहीत, आणि तुमच्या मराठीतही तसा अर्थ निघता कामा नये. 'ओडोराइझ्ड गॅस'चं भाषांतर 'वासाचा गॅस' केलं तर नेमका तोच अर्थ निघतो.

उलटही घडतं. काही विहिरींतून निघणाऱ्या कच्च्या गॅसला हायड्रोजन सल्फाइडमुळे मुळातच दर्प असतो. त्याला वास आहे, पण तो ओडोराइझ्ड नाही.

आणि मग नाकं. सतत त्याच वासात राहिलं की काही मिनिटांत नाक त्याची दखल घेणं सोडून देतं. पहिल्यांदा जाणवलेला वास 'गेला' असं वाटतं, तेव्हा गॅस वाढतही असू शकतो. वयाबरोबर वासशक्ती मंदावते, सर्दीत जाते, आणि करोनानंतर ती दीर्घकाळ गमावून बसलेले अनेकजण आहेत. झोपेत तर वास माणसाला भरवशाने जागा करत नाही. नियमातले 'सामान्य वासशक्तीचा माणूस' हे शब्द पोकळ नाहीत, भाषांतरात ते गाळू नका. गॅसचं शोधयंत्र ओडोरायझेशनची जागा घेत नाही, आणि ओडोरायझेशन शोधयंत्राची.

मिसळण्याची क्रिया प्रत्यक्षात कशी होते, ते थोडक्यात. गॅस मोठ्या वाहिनीतून शहराच्या वेशीवरच्या स्थानकात येतो. तिथे दाब कमी करतात, गॅस मोजतात, आणि त्या मोजमापाप्रमाणे एक पंप ठरावीक थेंब आत सोडतो. लहान ठिकाणी गॅसचा थोडा भाग रसायनाच्या टाकीतून फिरवून परत मुख्य प्रवाहात आणतात. या यंत्रणेला 'ओडोरायझर' म्हणतात. प्रत्येक देशात वास शहराच्या वेशीवरच मिसळतात असं मात्र नाही. फ्रान्समध्ये तो लांब पल्ल्याच्या मुख्य वाहिन्यांमध्येच मिसळला जातो, जर्मनीत वितरणाच्या टप्प्यावर. या फरकामुळे फ्रान्समधला गॅस वर्षानुवर्षं जर्मनीत सहज पाठवता येत नव्हता. ऊर्जासंकटात, ऑक्टोबर २०२२ मध्ये, तो पाठवायला सुरुवात झाली तेव्हाही मुख्य अडचण या वासाचीच होती.

तपासणी दोन प्रकारांनी होते. प्रयोगशाळेच्या किंवा स्थानकावरच्या यंत्राने गॅसमधलं गंधकाचं संयुग किती मिलिग्रॅम आहे हे कळतं. पण कायद्याचा प्रश्न 'किती आहे' हा नसून 'ओळखता येतो का' हा आहे, आणि त्याचं उत्तर नाकच देतं. त्यासाठी 'ओडोरोमीटर' नावाचं साधन असतं. ते गॅस आणि हवा मोजून मिसळतं, तपासणारा माणूस हुंगत जातो, आणि किती टक्क्याला वास पहिल्यांदा जाणवला आणि किती टक्क्याला तो सहज ओळखू आला, हे दोन आकडे टिपतो. इंग्रजीत या दोन पायऱ्यांना वेगळे शब्द आहेत, मराठीतही वेगळेच ठेवा: 'जाणवणे' आणि 'सहज ओळखू येणे'. नियम दुसऱ्या पायरीचा आहे. हुंगणाऱ्याने त्याआधी तंबाखू, अत्तर, तीव्र वासाचा साबण यांपासून लांब राहावं लागतं, आणि मध्ये मध्ये मोकळ्या हवेत जावं लागतं. हे काम मी मनापासून मानतो, कारण इतक्या यंत्रांच्या गर्दीत अंतिम निकाल अजून माणसाच्या श्वासावर सोपवलेला आहे.

हे क्रियापद फक्त इंधनासाठीच नाही. आग विझवण्यासाठी खोलीत कार्बन डायऑक्साइड सोडणाऱ्या यंत्रणांमध्ये तो ओडोराइझ करतात, बहुधा विंटरग्रीन या झुडपाच्या तेलाच्या वासाने. ओढलेल्या श्वासात गुदमरवणारा वायू आला आहे हे लोकांना कळावं म्हणून. विंटरग्रीनचा वास चांगला म्हणावा असा आहे, आणि तरीही क्रियापद तेच: ओडोराइझ. वासाचा बरे-वाईटपणा या शब्दाला लागू नाही, याचा यापेक्षा स्वच्छ पुरावा मला माहीत नाही. जहाजबांधणीत अरुंद, बंदिस्त जागी वापरायचा ऑक्सिजनही ओडोराइझ केलेला मिळतो, कारण गळलेल्या ऑक्सिजनमुळे कपडेसुद्धा भडकून पेटतात. भूमिगत खाणींत आणीबाणी आली की वायुवीजनाच्या हवेत असंच रसायन सोडतात, म्हणजे जिथे भोंगा ऐकू जात नाही तिथेही 'बाहेर पडा' हा निरोप श्वासाबरोबर पोहोचतो. या खाणीतल्या पद्धतीला मात्र 'स्टेंच' हा वेगळा शब्द आहे. ब्रिटिश वापरात सिलिंडरच्या गॅससाठीही 'स्टेंच्ड' आणि 'अनस्टेंच्ड' हे शब्द सापडतील. तिथे अर्थ ओडोराइझ्डचाच, 'घाणेरडा' असं भाषांतर करू नका.

कुठे ओडोराइझ करत नाहीत, तेही अर्थाचाच भाग आहे. तुमचं दुसरं वाक्य एरोसोलचं. फवाऱ्याच्या डब्यांमध्ये द्रव बाहेर ढकलायला ब्युटेन-प्रोपेनच वापरतात, पण ते अंगावर, कपड्यांवर, घरात फवारायचं असतं, म्हणून मरकॅप्टन चालत नाही. तो गॅस तितकाच ज्वलनशील असतो, फक्त मुका असतो. अशा गॅसचा साठा असलेल्या कारखान्यात म्हणूनच शोधयंत्रं आणि वायुवीजन यांच्यावर सगळा भार येतो. उणे १६२ अंश सेल्सिअसला ठेवलेल्या द्रवरूप नैसर्गिक वायूतही वास मिसळत नाहीत, कारण त्या थंडीत रसायन गोठून बाजूला पडेल. द्रवाचा पुन्हा वायू झाल्यावर ते मिसळतात. जिथे गॅस कच्चा माल म्हणून उत्प्रेरकांवरून जातो तिथे गंधक नको असतं, कारण गंधक उत्प्रेरक निकामी करतं. वीज बनवणाऱ्या इंधन-घटांसाठीच्या (फ्युएल सेलसाठीच्या) हायड्रोजनचं दुखणंही हेच. जर्मनीत यावर गंधकाशिवायची रसायनं, अॅक्रिलेटवर आधारलेली, वापरात आली आहेत, पण त्यांचा वास लोकांना 'गॅसचा' म्हणून नव्याने शिकवावा लागतो.

सिलिंडरबाबत एक नेहमीची शंका पुस्तिकेत टीप म्हणून घालता आली तर घाला. सिलिंडर संपत आला की वास जास्त का येतो? प्रोपेन उणे ४२ अंशाला उकळतो, एथिल मरकॅप्टन ३५ अंशाला. त्यामुळे प्रोपेन आधी निघून जातो आणि तळाच्या द्रवात मरकॅप्टन साचत जातं. गळती नसतानाही वास तीव्र लागतो तो त्यामुळे. तरी वास आला की आधी गळतीच समजावी: विजेची बटणं चालू-बंद करू नयेत, ज्योत पेटवू नये, कॉक बंद करून दारं-खिडक्या उघडाव्यात, बाहेर पडावं आणि बाहेरून फोन करावा. मिथेन हवेपेक्षा हलका, प्रोपेन-ब्युटेन जड. म्हणून सिलिंडरचा वास जमिनीलगत आधी लागतो.

आता शब्दांच्या गोतावळ्याबद्दल, घाईने. 'ओडर' म्हणजे माणसाला जाणवलेला वास, 'ओडोरंट' म्हणजे तो वास निर्माण करणारा पदार्थ. बाटलीत असतो तो ओडोरंट, नाकात येतो तो ओडर. पुस्तिकेत 'ओडोरंटची पातळी' आणि 'ओडरची पातळी' असे दोन्ही शब्दप्रयोग असतील, तर पहिला मिलिग्रॅमचा आणि दुसरा नाकाचा. ब्रिटिश लेखनात हिज्जे थोडे वेगळे दिसतील, अर्थ तोच. 'डिओडोराइझ' म्हणजे वास काढून टाकणं. खाद्यतेलाच्या शुद्धीकरणात निर्वातात, २०० अंशांच्या वर तापलेल्या तेलातून वाफ सोडून वास देणारे बाष्पशील घटक उडवतात, ते डिओडोराइझ करणं. वरून सुवास मारून घाण झाकणं याला तांत्रिक लेखनात 'मास्क' म्हणतात. 'अनसेंटेड' लिहिलेल्या मालात असा झाकणारा पदार्थ असू शकतो, तर 'फ्रेग्रन्स-फ्री' लिहिलेल्यात सुवासासाठी काहीही मिसळलेलं नसावं अशी अपेक्षा असते. 'अॅरोमटाइझ' दिसलं तर जास्त सावध राहा. रसायनशास्त्रात त्याचा वासाशी काही संबंध नसतो. रेणूत बेंझिनसारखं वलय तयार करणं, एवढाच त्याचा अर्थ.

व्याकरणाचं एकच सांगतो. ओडोराइझ हे सकर्मक आहे आणि त्याचं कर्म नेहमी तो वायू किंवा द्रव असतो, जागा नव्हे. खोली, कपडे, मेणबत्ती यांसाठी इंग्रजीत 'सेंट' किंवा 'परफ्यूम' ही क्रियापदं आहेत. तिथे 'सुगंधित करणे' अगदी बरोबर बसतं.

मराठीत माझी पसंती अशी: पहिल्या ठिकाणी अर्थ उलगडून लिहावा, 'गॅसमध्ये इशाऱ्याचा वास मिसळणे, म्हणजे ओडोराइझ करणे', आणि त्यानंतर पुस्तिकाभर 'ओडोराइझ करणे' हेच ठेवावं. कामावरची माणसं 'ओडोरंट', 'मरकॅप्टन', 'डोसिंग' हेच शब्द बोलतात, त्यांना 'गंधीकरण' वाचून काही लगेच समजणार नाही. ग्राहकांसाठीच्या पानांवर मात्र 'इशाऱ्याचा वास' पुरेसा आहे.

पहिलं वाक्य मी असं लिहीन: 'गॅसमध्ये इशाऱ्याचा वास इतका मिसळलेला असलाच पाहिजे, की हवेतलं गॅसचं प्रमाण ज्वलनाच्या खालच्या मर्यादेच्या एक-पंचमांश झालं, की सामान्य वासशक्तीच्या माणसाला तो सहज ओळखू येईल.' दुसरं: 'एरोसोलसाठीच्या गॅसमध्ये इशाऱ्याचा वास मिसळू नये.' त्याच्या खाली, मूळ पुस्तिकेत नसलं तरी प्रकाशकाला विचारून, एक ओळ घालावी, की या गॅसची गळती नाकाने कळत नाही. तिसऱ्यात 'ओडोराइझ्ड आहे' याचं शब्दशः भाषांतर करू नये, कारण तपासायचं आहे ते मिसळल्याचं नव्हे, पोहोचल्याचं: 'जाळ्याच्या शेवटच्या टोकाला गॅसचा वास पुरेशा तीव्रतेने पोहोचतो आहे, याची ठरावीक काळाने ओडोरोमीटरने चाचणी करून नोंद ठेवावी.' मूळ वाक्यात साधनाचं नाव नसेल तर 'ओडोरोमीटरने' हा शब्द काढा, पण 'पोहोचतो आहे' हे क्रियापद काढू नका.